कच्च्या प्रतीतला ‘हो’

मान ऐकू येत नाही, असं आमचे कानसेन म्हणायचे. नोकरीच्या पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर बसवून विचारलं, “चहा घेणार?” मी मान डोलावली. ते माझ्याकडे बघत नुसते बसून राहिले. मिनिटभरानं पुन्हा तोच प्रश्न. मी पुन्हा मान डोलावली, जरा जोरात. “मी आंधळा आहे असं समज, पोरी. घेणार का?” “हो, घेते.” “आता नोंद झाली,” असं म्हणून त्यांनी चहा मागवला.

कानसेन म्हणजे आमचे मुख्य प्रतिवेदक. नाव अर्थात पाठीमागचं. तोंडावर सगळे ‘सर’च म्हणतात. आम्हा प्रतिवेदकांचं काम सांगायला सोपं आहे. सभागृहात आणि समित्यांत जे बोललं जाईल ते लघुलिपीत टिपायचं, मग ध्वनिफितीशी ताडून टाइप करायचं. बोललं जाईल तेवढंच. कुणी डोळे पुसले, कुणी दातओठ खाल्ले, कुणी चक्क घोरलं, ते आपलं नाही. फार तर कंसात ‘व्यत्यय’.

माझ्याकडे परराष्ट्र व्यवहार समिती होती. परराष्ट्र खात्यानं बाहेरच्या देशांत काय केलं, कुणाला शब्द दिला, कुणाला वाऱ्यावर सोडलं, हे खात्याच्या अधिकाऱ्यांना समोर बसवून विचारणारे अकरा सदस्य. बैठका बंद दाराआड. तिथलं अक्षरही बाहेर काढणार नाही असं आम्ही सहीनिशी लिहून दिलेलं असतं. नवरा सुरुवातीला चिडवायचा, “काय, आज कुठल्या देशाशी भांडण?” मग त्यानं नाद सोडला. मी इथं जे सांगते आहे त्यात बैठकीतलं म्हणून जे आहे, ते सगळं समितीच्या अहवालात छापून झालेलं आहे. उरलेलं एका मानेबद्दल आहे. मान कामकाजात धरत नाहीत, तेव्हा ती सांगायला मला बंदी नसावी, अशी मी माझी समजूत घातली आहे.

बाळंतपणाच्या रजेवरून परतून मला तीन महिने झाले होते. ठमी अकरा महिन्यांची. दिवसभर ती सासूबाईंकडे असायची. माझी कसली म्हणून अडचण नव्हती, आणि तरी सकाळी दार ओढून घेतलं की संध्याकाळी तिला उचलून घेईपर्यंत माझे कान घराकडेच असायचे. समिती कक्षात फोन नेता येत नाही. दाराबाहेर एक लाकडी फळी आहे, कप्प्याकप्प्यांची. त्यात ठेवून आत जायचं. आमच्या पाळ्या दहा-दहा मिनिटांच्या. त्या दहा मिनिटांत घरून फोन आला तर? तो फळीत वाजत राहील आणि मी आत कुणाच्या तरी पाणी-वाटपाच्या करारावर लिहीत बसलेली असेन. पाळी संपली की मी धावतच फळीकडे जायचे. सासूबाई म्हणायच्या, “अगं, आम्हीही पोरं वाढवली. तेव्हा फोनसुद्धा नव्हते.” मला त्याचीच भीती वाटायची, की काही झालं तरी त्या फोन करणारच नाहीत.

तर ते प्रकरण. दहा महिन्यांपूर्वी एका लांबच्या शहरात लढाई पेटली आणि तिथली आमची वकिलात एका दिवसात बंद करायचं ठरलं. आपल्या लोकांना तीन बसमध्ये बसवून सरहद्दीपार काढलं. दोनशे चौदा माणसं सुखरूप आली. दोन आली नाहीत. तिथल्या इस्पितळातली एक नर्स, आणि तिची आठ महिन्यांची मुलगी. यादीत खात्यानं त्यांच्या नावापुढे लिहिलं, ‘स्वेच्छेने मागे राहिले’.

या तीन शब्दांनी सगळं ठरत होतं. जे स्वेच्छेने राहतात त्यांना सरकार शोधत नाही. फाइल बंद होते.

नर्सचे वडील शिंपी. त्यांनी समितीकडे अर्ज केला होता. अर्जात एवढंच, की त्या दिवशी दुपारी लेकीचा फोन आला होता. पुलावर अडवलं आहे, वकिलातीला फोन करून थांबायला सांगते, असं ती म्हणाली. खात्याचं म्हणणं, तिचा असा काही फोन आला नाही. अर्जाला फोटो जोडला होता. मायलेकी. बाळाच्या डोक्यावर कानटोपी, आणि एक मूठ आईच्या कानातल्यात अडकलेली. ठमीही अशीच ओढते. मी तो फोटो एकदाच पाहिला आणि पुन्हा फाइल उघडायची झाली तर ते पान सोडून उघडायचे.

साक्षीला दोघं आले होते. खात्याचे सहसचिव, साठीकडे झुकलेले, बोलताना प्रत्येक वाक्य इस्त्री करून टाकणारे. आणि शेवटपर्यंत वकिलातीत फोनवर बसलेला तरुण अधिकारी. त्याचा शर्ट गळ्यापाशी मोठा होत होता, म्हणजे अंग उतरलं असणार. आमचं छोटं टेबल साक्षीदारांच्या बरोबर समोर, हातभर अंतरावर असतं, कारण आम्हाला ओठ दिसावे लागतात. ओठ दिसले की कान चुकत नाहीत.

प्रश्न विचारत होत्या हेडबाई. समितीतल्या सगळ्यात ज्येष्ठ सदस्य, पूर्वी मुख्याध्यापिका. अजूनही अकरा जणांची हजेरी घेतल्यासारख्या आधी सगळ्यांकडे बघतात आणि मग बोलतात.

“बस किती वाजता निघाल्या?”

“दोन वाजून दहा मिनिटांनी, मॅडम.”

“आपण त्यात होतात?”

“नाही. मी आणि दोन रक्षक मागून गाडीनं निघालो. कागद जाळायचे होते.”

“म्हणजे तुम्ही फोनजवळ होता.” हेडबाईंनी चष्मा काढला, पदराच्या टोकानं पुसायला घेतला. “बस निघून गेल्यानंतर तो फोन वाजला होता का?”

अध्यक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. उजवीकडचे दोघं एकमेकांच्या कानाला लागले होते. सहसचिव अध्यक्षांकडे बघत होते. हेडबाई काचेवर फुंकर घालत होत्या.

त्या तरुण अधिकाऱ्यानं मान हलवली. खाली, वर. आणि पुन्हा खाली, वर. अगदी बारीक. त्याचे ओठ हलले नाहीत. तो माझ्याकडेच बघत होता, म्हणजे बघत नव्हता. मी फक्त त्याच्या नजरेच्या वाटेत होते.

“बाई, वेळ होत आली,” अध्यक्ष म्हणाले.

“अध्यक्ष महोदय,” सहसचिव लगेच पुढे सरसावले, “खात्याकडे अशा कोणत्याही फोनची नोंद नाही, हे मी स्पष्ट करू इच्छितो.”

हेडबाईंनी चष्मा घातला. “बरं. पुढचा प्रश्न.”

टेबलावर टकटक झाली. माझ्यानंतरची प्रतिवेदक आली होती. पाळी संपली. मी उठले, बाहेर आले, फळीतून फोन काढला. घरून काही नव्हतं.

टाइप करायला बसले तेव्हा माझ्या वहीत त्या जागी एक खूण होती. छोटी, वळलेली, मी दिवसाला पन्नास वेळा काढते ती. ‘हो’.

मी कानाला हेडफोन लावला. हेडबाईंचा प्रश्न आला. मग शांतता. चार सेकंद. एक खुर्ची करकरली. मग अध्यक्ष, “बाई, वेळ होत आली.” मी मागे नेलं. पुन्हा ऐकलं. चार सेकंद. आवाज वाढवला. खोलीचाही एक आवाज असतो, पंख्याचा, दिव्यांचा, अकरा माणसांच्या श्वासांचा. तो सगळा होता. ‘हो’ नव्हता. सहा वर्षांत पहिल्यांदा माझ्या हातानं न बोललेला शब्द लिहिला होता.

पाचव्यांदा ऐकताना मला त्या चार सेकंदांत फोनची रिंग ऐकू आली. मी हेडफोन काढून फेकलाच. बाजूच्या टेबलावरचा फोन वाजत असेल म्हणून बघितलं. तिथं फोनच नव्हता.

कानसेनांकडे गेले. ते डबा उघडत होते.

“सर, माझ्या वहीत एक ‘हो’ जास्त आहे.”

“फितीत?”

“नाही.”

“मग तो आला कुठून? माहेराहून?”

“साक्षीदारानं मान हलवली. मी बघितली. हात लिहून गेला.”

त्यांनी डब्याचं झाकण परत लावलं. “आणखी कुणी बघितली?”

“कुणाचंच लक्ष नव्हतं, सर.”

“अध्यक्ष म्हणाले, की साक्षीदारानं होकारार्थी मान हलवली अशी नोंद घ्या?”

“नाही.”

“मग मान नाही. खोड ते.” आवाज चढलेला नव्हता. “हे बघ पोरी, उद्या कुणी मान हलवेल, परवा कुणी पापणी लववेल, आणि आपण ठरवणार तिचा अर्थ काय? मग लोकांनी विश्वास कशावर ठेवायचा? तू प्रतिवेदक आहेस. साक्षीदार नाहीस.”

ते बरोबरच होतं. मी जागेवर आले आणि ‘हो’ पुसला. पडद्यावर प्रश्नाखाली सरळ अध्यक्षांचं वाक्य आलं. किती स्वच्छ दिसत होतं ते. तिथं कधी काही नव्हतंच असं.

संध्याकाळी घरी पोचले तर सासूबाई दारातच. “ये, ये. तुझ्या लेकीनं आज नवीन खेळ काढलाय.”

ठमी चटईवर बसली होती. तोंडाला बटाटा माखलेला. स्वयंपाकघराच्या दाराकडे बघून तिनं मान हलवली. खाली, वर. खाली, वर.

“दुपारपासून चाललंय,” सासूबाई हसत म्हणाल्या. “कुणाला गं हो म्हणतेस, ठमाबाई? कोण आलंय?”

दारात कुणी नव्हतं. दाराच्या मागे गॅस, गॅसवर दूध. मी ठमीला उचललं, तिचं तोंड माझ्या खांद्यावर दाबलं. तिनं खांद्यावरून मान वळवून पुन्हा तिकडे बघितलं. मला तिच्या हनुवटीचे दोन ठोके गळ्याजवळ लागले.

“या वयात करतात पोरं,” सासूबाई म्हणाल्या. “तू अशी पांढरी का पडलीस? काही खाल्लंस का नाही?”

मला नवऱ्यालाही काही सांगता येत नव्हतं. तो म्हणाला, “दमलीस. रजा टाक दोन दिवस.” मी म्हटलं, टाकते. टाकली नाही.

दुसऱ्या दिवशी समिती कक्षाबाहेरच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते. मांडीवर कापडी पिशवी. बोटांना सुया टोचून झालेली बारीक बारीक भोकं. अर्जदाराला आत बोलावलेलं नव्हतं, तरी ते रोज येऊन बसायचे हे मला शिपायाकडून कळलं होतं. मी खाली मान घालून पुढे निघाले.

“ताई, एक मिनिट.”

थांबायला नको होतं.

“तुमच्याकडे लहान मूल आहे ना? दुधाचा वास आला, म्हणून म्हटलं.”

मी खांद्याकडे पाहिलं. डाग होताच. “हो. मुलगी आहे.”

“केवढी?”

“अकरा महिन्यांची.”

“मग तुम्हाला कसं ठाऊक असणार.” ते स्वतःशीच म्हणाले. मग पिशवीतून त्यांनी बारीक फुलांचं कापड थोडंसं बाहेर काढलं, जणू दुकानात दाखवतात तसं. “दीड वर्षाचं मूल छातीत किती भरतं हो? हयात गेली मापं घेण्यात, पण मूल समोर असल्याशिवाय माप कसं घ्यायचं? नात आठ महिन्यांची असताना शेवटची दिसली, फोनवर. आता दीड झालं तिला. मी फ्रॉकचं कापड आणून ठेवलंय. कात्री लावायला हात होत नाही.”

माझ्या तोंडून आलं, “जरा मोठंच कापा.”

“तेच म्हणतो. आतून माया जास्त ठेवतो, म्हणजे उसवून सैल करता येईल.” त्यांनी कापड नीट घडी करून आत सरकवलं. “आत काय चालतं हे तुम्ही सांगू शकत नाही, माहीत आहे मला. मी विचारणार नाही. फक्त एकच सांगा, तिथं सगळं लिहून घेतात ना? सुटत तर नाही काही?”

मी मान हलवली. आणि ते थांबले. कानसेन थांबले होते तसेच, उत्तराची वाट बघत. त्यांना कमी दिसत होतं, मोतीबिंदू असावा. माझी मान त्यांच्यापर्यंत पोचलीच नव्हती.

मी तशीच आमच्या कार्यालयात गेले. खुर्चीत बसले, फाइल उघडली आणि ‘हो’ परत लिहिला. मग ते पान पुन्हा एकदा वाचलं. साक्षीदाराच्या नावाखाली एक शब्द आणि एक पूर्णविराम. कानसेन दुसऱ्या एका समितीच्या अहवालात गळ्यापर्यंत बुडालेले होते. एकदा सांगितलं की मी ऐकते, हे त्यांना सहा वर्षांपासून ठाऊक. त्यांनी न वाचताच प्रतीवर सही केली.

इथं आमची एक पद्धत सांगायला हवी. टाइप केलेली पहिली प्रत कच्ची समजतात. साक्षीत जो जो बोलला, त्याच्याकडे त्याची त्याची पानं बंद पाकिटातून जातात. सात दिवसांत तपासून परत करायची. शुद्धलेखन, स्वल्पविराम, ऐकण्यातली चूक एवढंच सुधारता येतं. म्हणण्यात फेरफार करता येत नाही. न बोललेला शब्द दिसला, तर तो खोडायचा त्याला पूर्ण हक्क. सही करून पानं परत आली, की ती पक्की.

म्हणजे मी तो ‘हो’ त्याच्या तोंडात घातला नव्हता. त्याच्या हातात दिला होता. एक रेघ मारली की संपलं, आणि वर माझी तक्रारही करता आली असती, की प्रतिवेदक मनचं लिहितात. नोकरी गेलीच असती, आणि जायलाही हवी होती.

पाकीट गेलं आणि ते सात दिवस सुरू झाले.

त्या दिवसांत मी एकही फोन दुसऱ्या रिंगेपर्यंत जाऊ दिला नाही. शेजारच्या घरात वाजला तरी अर्धी उठायचे. अंघोळीला जाताना फोन साबणाच्या फळीवर. सासूबाई नवऱ्याला म्हणाल्या, “हिला एकदा डॉक्टरांना दाखव. कुणीतरी हाक मारल्यासारखी बघते.” ठमीचं चालूच होतं. जेवताना, खिडकीशी, कपाटाच्या आरशासमोर. मी मोजायला लागले. नेहमी दोनच. एक कधी नाही, तीन कधी नाही. मी तिच्यासमोर मुद्दाम तीनदा मान हलवून दाखवली. ती हसली आणि दोनदा हलवली.

पाचव्या दिवशी, रविवारी दुपारी, घरातला फोन वाजला. ठमी कडेवर. मी उचलला.

“हॅलो?”

पलीकडे कुणीतरी होतं. श्वास ऐकू येत होता.

“हॅलो, कोण बोलतंय?”

काहीच नाही. चार सेकंद असतील. मी मोजले नाहीत, पण मला चार सेकंद म्हणजे किती हे आता कळतं. ठमीनं रिसिव्हरकडे बघितलं आणि मान हलवली. खाली, वर. खाली, वर. मग फोन ठेवल्याचा आवाज झाला.

“राँग नंबर?” नवऱ्यानं विचारलं.

“असेल.”

सातव्या दिवशी चार वाजता कानसेनांनी मला बोलावलं. टेबलावर फोडलेलं पाकीट होतं. मला बस म्हणाले नाहीत.

“पान सेहेचाळीस,” त्यांनी पान माझ्याकडे वळवलं. “वाच.”

तरुण अधिकाऱ्यानं पानं फार मनापासून तपासली होती. एके ठिकाणी सुटलेला अनुस्वार त्यानं पेन्सिलीनं दिला होता. दोन स्वल्पविराम वाढवले होते. एका वाक्यातला दुबार आलेला ‘मॅडम’ खोडला होता. इतक्या बारकाईनं वाचणारा माणूस. आणि हेडबाईंच्या त्या प्रश्नाखालचा ‘हो’ जसाच्या तसा होता.

जसाच्या तसा नव्हता. पूर्णविरामापुढे, पेन्सिलीनं नाही, शाईनं, त्यानं एक शब्द लिहिला होता.

‘दोनदा.’

खाली सही आणि तारीख. रविवारची.

मी न विचारता खुर्चीत बसले. मी समजत होते, की त्यानं होकार पक्का करायला मान दोनदा हलवली.

“मी तुला काय करायला सांगितलं होतं?” कानसेन म्हणाले.

“खोडायला.”

“मग?”

“खोडलं होतं, सर. परत लिहिलं.”

“का?”

माझ्याकडे उत्तर होतं, पण ते फ्रॉकच्या मापाचं होतं, आणि ते कार्यालयात सांगण्यासारखं नव्हतं. मी म्हटलं, “त्याला खोडायची संधी मिळावी म्हणून.”

त्यांनी फीत लावली. एक हेडफोन त्यांच्या कानाला, एक माझ्या. प्रश्न. शांतता. खुर्ची. अध्यक्ष. त्यांनी डोळे मिटले होते. पुन्हा लावली. तीस वर्षं ऐकत आलेला माणूस त्या चार सेकंदांत काहीतरी शोधत होता.

“काही नाही इथं,” अखेर म्हणाले. मग, “तुला काही ऐकू येतं?”

“नाही, सर,” मी म्हटलं. खोटं बोलले.

त्यांनी हेडफोन काढून ठेवला. “‘हो’ साक्षीदारानं सहीनिशी मान्य केला. आता तो त्याचा. त्याला मी हात लावू शकत नाही. ‘दोनदा’ ही मजकुरातली भर आहे. भर चालत नाही. नियमानं ती मला काढावी लागेल.” त्यांनी लाल पेन घेतलं आणि ‘दोनदा’वर पट्टी लावून सरळ रेघ मारली. पण पेन खाली न ठेवता त्यांनी कोरा कागद ओढला. “आणि भर काढली, की का काढली ते अध्यक्षांना लेखी कळवावं लागतं. तोही नियमच आहे. साक्षीदार आपल्या साक्षीत काही सांगू इच्छितो असं दिसतं, समितीनं निर्णय घ्यावा. झालं.” त्यांनी सही केली. “मान मला कळत नाही. कागद कळतो.”

दाराशी गेल्यावर त्यांनी पुन्हा हाक मारली. “तुला लेखी ताकीद मिळेल. आणि सहा महिने बंद बैठका नाहीत. कबूल?”

मी तोंड उघडून, नीट, म्हटलं, “हो.”

पंधरा दिवसांनी समितीनं त्या अधिकाऱ्याला पुन्हा बोलावलं, एकट्याला. मी आत नव्हते. मी बाहेर बाकावर होते, शिंपीकाकांच्या शेजारी. कामाशिवाय तिथं बसायचं मला काही कारण नव्हतं, पण कुणी उठवलं नाही. फळीवरच्या कप्प्यांत आत गेलेल्या सगळ्यांचे फोन होते, त्यात त्याचाही. चाळीस मिनिटं दार बंद होतं. मध्येच कप्प्यातला एक फोन वाजायला लागला. शिंपीकाका म्हणाले, “कुणीतरी उचला हो.” शिपाई म्हणाला, “आम्हाला हात लावायची परवानगी नाही, काका.” तो वाजून वाजून थांबला. मी माझे हात मांडीखाली दाबून धरले होते.

दार उघडलं तेव्हा हेडबाई सगळ्यात आधी बाहेर आल्या. चष्मा हातात होता. त्यांनी शिंपीकाकांकडे पाहिलं आणि त्यांच्याशी न बोलता, कारण बोलता येत नाही, त्यांच्यासमोर क्षणभर उभ्या राहिल्या. वर्गात बाई आल्यावर मुलं उभी राहतात तशा. मग गेल्या.

अहवाल पुढच्या अधिवेशनात मांडला गेला. एकशे बारा पानं. त्या दोघींबद्दल सव्वा पान. ‘बस निघाल्यानंतर वकिलातीत एकाच क्रमांकावरून दोन वेळा दूरध्वनी आला. पहिल्या वेळी संबंधित महिलेस दहा मिनिटांत येण्यास सांगण्यात आले. त्यानंतर वरिष्ठांच्या आदेशानुसार इमारत तत्काळ सोडण्यात आली. दुसरा दूरध्वनी उचलण्यात आला नाही.’ त्याखाली समितीची शिफारस: यादीतला ‘स्वेच्छेने मागे राहिले’ हा शेरा रद्द करावा, प्रकरण पुन्हा उघडावं, तिथल्या सरकारकडे तिसऱ्या देशामार्फत चौकशी करावी. खात्यानं शेरा बदलला. चौकशी सुरू झाली आहे, असं दर तीन महिन्यांनी एका ओळीचं उत्तर येतं. अजून ती एकच ओळ आहे.

दुसरा दूरध्वनी उचलण्यात आला नाही. हे वाक्य मी कितीदा वाचलं असेल. तो त्या वेळी कुठे उभा असेल? किल्ली कुलपात असेल का? आणि तो वाजत असताना तो काय करत असेल? मला वाटतं, तो फोनकडे बघून मान हलवत असणार. हो, ऐकतोय. हो, ऐकतोय. आणि पलीकडे पुलावर, बाळ कडेवर घेऊन उभ्या असलेल्या बाईला ती मान कशी ऐकू जाणार?

शिंपीकाका आता रोज येत नाहीत. मागच्या महिन्यात आले होते, उत्तराची प्रत घ्यायला. फ्रॉक शिवून झाला म्हणाले. दोन वर्षांच्या मापाचा. “माया भरपूर ठेवली आहे, ताई. चार वर्षांपर्यंत चालेल.” मग पिशवी उचलत म्हणाले, “सहासुद्धा करता येईल. कापड आहे.”

ठमी चालायला लागली. बोलते थोडंफार, आजीचं नाव घेते, माझं घेत नाही. मान हलवणं सुटलेलं नाही. बहुतेक वेळा विसरल्यासारखी असते, आणि मग एखाद्या संध्याकाळी खेळता खेळता थांबते, स्वयंपाकघराच्या रिकाम्या दाराकडे बघते, आणि खाली, वर. खाली, वर. सासूबाईंनी आता विचारायचं सोडलं आहे, कुणाला हो म्हणतेस म्हणून. त्या हळूच टीव्हीचा आवाज वाढवतात.

मी हातातलं काम ठेवते. तिच्या शेजारी जाऊन उभी राहते आणि त्या दाराकडे बघून, कुणालाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात, तिच्या वतीनं म्हणते, “हो.” आणि पुन्हा एकदा, “हो.”